शेवटचं मेंढरू आत येईपर्यंत

भुतं रात्रीच हिंडतात असं ज्यांनी ठरवलं, त्यांनी मुडबीच्या शिवारातली चैत्रातली दुपार पाहिलेली नसणार. रात्री निदान कुत्री भुंकतात, कुणीतरी खोकतं. दुपारी मात्र पानसुद्धा हलत नाही आणि माणसाची सावली भिऊन पायाखाली गोळा होते. अशाच एका दुपारी म्हाळसा गोवऱ्या आणायला म्हणून शेताकडे निघाली. काम रोजचंच. काखेत रिकामी पाटी, हातात काठी.

काठी काही म्हातारपणाची नव्हती, बाई चाळिशीच्या आतलीच. मागल्या साली तिच्या डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं. चुलीचा धूर लागला असेल म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. धुकं गेलं आणि पाय जड झाला, दुसऱ्याचा उसना आणल्यासारखा. त्याच्या मागोमाग आली उदासी. तिला ना कारण, ना वेळकाळ. हसतीबोलती बाई भिंतीकडे तोंड करून बसू लागली. लेक भाग्यलक्ष्मी शाळेतून आली तरी तिची मान वळेना. गावाने लगेच निदान केलं, गावाला त्याचं शिक्षण लागत नाही. कुणी करणी म्हणालं, कुणी म्हणालं नवरा हैदराबादेत आहे म्हणून ही नाटकं.

नवरा लिंगाप्पा तिकडे एका अपार्टमेंटवर वॉचमन होता. त्यानेच तिला तिथल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. यंत्रात झोपवून डोक्याचे फोटो काढले. काळ्या फिल्मवर मेंदू उमटला, आणि मेंदूत पांढरे ठिपके. दुखण्याचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की वायरीवरचं प्लास्टिक सोलून निघावं तसं नसांवरचं आवरण जागोजागी गेलंय. पायाच्या वाटेवर ठिपका बसला की पाय अडखळतो. मन सांभाळणाऱ्या जागाही अशाच बदलतात, मग मन अडखळतं.

"म्हंजे… येडी झाली का ही?" लिंगाप्पाने हळूच विचारलं.

"वैसा नक्को बोलो," बाई त्याला म्हणाल्या आणि म्हाळसाकडे वळल्या. "उदासी भी इसी बीमारी की है, अम्मा. तुम्हारा कसूर नै."

मनासाठीही गोळ्या दिल्या. गुण यायला वेळ लागेल, तोवर हिला एकटी सोडू नका, असं बजावलं. कसूर नाही, एवढंच ऐकून म्हाळसा बसवकल्याण येईपर्यंत बसमध्ये रडत होती. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर सासूने, गंगम्माने, ती फिल्म अंगणात उन्हाला धरली. उलटीच धरली होती, पण सांगणार कोण? बराच वेळ बघून म्हातारी म्हणाली, "लिंग्या, आपल्या मेंढराला व्हायचं बग. डोस्क्यात पाण्याचा फोड यायचा. मग त्ये मान कलती करून कळपापासून लांब जाऊन हुबं ऱ्हायाचं."

"व्हय माय. अप्पा त्याला कधी काठी मारायचा न्हाई."

"कामून मारंल? त्ये काय रुसून जायलंय व्हय! ह्यो आपला हाका मारायचा. शेवटचं मेंढरू वाड्यात येईपस्तोर ह्या माणसानं कधी तोंडात घास घातला न्हाई." मग तिने म्हाळसाच्या केसांवरून हात फिरवला. "मला वाटायचं, सून रुसलीया. चुकलंच माझं, बाय."

तो धोंडप्पा, म्हाळसाचा सासरा, वारून बरीच वर्षं झाली होती. त्याच्या मागे कळपही विकला. शेताच्या टोकाला मेंढवाड्याचं मोडकं कुंपण तेवढं राहिलं होतं, आणि त्याच्या पलीकडे जुनी विहीर.

तर त्या दुपारी गंगम्माचा जरा डोळा लागला होता आणि म्हाळसा एकटीच बाहेर पडली होती. गोळ्यांना अजून गुण नव्हता. घरात माया होती, हे तिला कळत होतं, पण ती माया तिच्यापर्यंत पोचत नव्हती. गोवऱ्यांचा ढीग मागे राहिला तरी पाय थांबले नाहीत. मोडकं कुंपण गेलं. विहिरीजवळ पाटी काखेतून गळाली, तिचा आवाजही तिला आला नाही. खाली हिरवं, गप्प पाणी. ते बघत राहावंसं वाटत होतं… नुसतं बघत…

आधी वास आला. ओल्या लोकरीचा आणि लेंड्यांचा. पाऊस महिनोन्‌महिने नव्हता आणि त्या रानात आता एकही मेंढरू नव्हतं.

मग मागून आवाज आला. जीभ टाळ्याला लावून काढलेला, खालच्या पट्टीतला, जराही घाई नसलेला.

"ट्रुऽऽ… ट्रुऽऽ…"

म्हाळसाच्या अंगावर सर्रकन काटा आला. धोंडप्पाने हयातीत सुनेला कधी नावाने हाक मारली नव्हती, तोंड वर करून बोलणंसुद्धा कमीच. पण हा आवाज ती नवी नवरी म्हणून आल्यापासून, सासरा होता तोवर, रोज सांजेला ऐकायची. चुकलेल्या जनावराशिवाय तो कुणासाठी काढायचा नाही.

"मामंजी…?"

पुन्हा तोच आवाज, घराच्या वाटेवरून, थोडा पुढे सरकलेला. ती वळली. उसना पाय आपणहून उचलला गेला. ती चालू लागली तसा आवाज पुढे पुढे जात राहिला, आणि तिच्या दोन्ही अंगांना काहीतरी ऊबदार घसटत चाललं. खाली बघायची तिची छाती झाली नाही. उंबरा ओलांडल्यावरच आवाज थांबला. दारातून तिने मागे पाहिलं, तेव्हा फुफाट्यात तिच्या पावलांच्या दोन्ही बाजूंनी मेंढरांच्या खुरांचे ठसे होते.

गंगम्माला उठवून तिने सगळं सांगितलं, विहिरीसकट. म्हातारीने आधी सुनेला घट्ट पोटाशी धरलं. मग डोळे पुसून म्हणाली, "मेल्यावर का हुईना, घराकडं ध्यान आलं म्हणायचं माझ्या धन्याचं!"

त्याच संध्याकाळी तिने नातीकडून लिंगाप्पाला फोन लावून घेतला, त्याने विचारल्यावर डॉक्टरीणबाईंनी गोळ्या वाढवून दिल्या आणि विहिरीवर फळ्या पडल्या. म्हाळसाला एकटी सोडणं बंद झालं. तरी एखाद्या दुपारी मन घसरायचं, आणि ते घसरलं की लांबून ट्रुऽऽ यायचं. ती उठून आत यायची, आवाज थांबायचा. भीती राहिलीच, पण घरातल्या वडीलधाऱ्याची असावी तशी, ओळखीची. पावसाळ्यात गोळ्या लागू पडल्या. आषाढात भाग्यलक्ष्मीच्या कसल्याशा बोलण्यावर म्हाळसा खळखळून हसली आणि सासू चुलीपुढे बसून रडली. हाका विरळ होत गेल्या. पुढे बंदच झाल्या. पाय अजून ओढत होता, काठी होती, पण बाई माणसात आली होती.

दिवाळीच्या आधीची दुपार. कोवळं ऊन, भाजणीचा वास. म्हाळसा ओसरीत शेंगा फोडत बसली होती आणि गंगम्मा शेजारणीच्या चकल्यांना नावं ठेवत होती. किती सुखाची दुपार, असं म्हाळसाच्या मनात आलंसुद्धा.

"ट्रुऽऽ…"

या खेपेला अगदी कुडाजवळून. म्हाळसा हसली. "मामंजी, मी हितंच हाय की. आत हाय."

"ट्रुऽऽ… ट्रुऽऽ…"

"आवं, सगळी आत हाईत!" गंगम्माही दटावून म्हणाली. आवाज थांबेना. लोकरीचा वास दाट झाला. म्हातारीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"म्हाळसा… भागू कुठंय?"

भाग्यलक्ष्मी अंगणाच्या पार टोकाला, शेवग्याखाली उभी होती. पाठमोरी, मान एका अंगाला कललेली. शेजारी नळाखाली घागर भरून वाहत होती आणि पोरीचं लक्ष नव्हतं.

"भागू…"

"माय," ती न वळताच म्हणाली, "डाव्या डोळ्यानं धुकं दिसायलंय."

काठी टाकून, पाय ओढत म्हाळसा लेकीपर्यंत गेली. जीभ टाळ्याला लावून तिने हलकेच तोच आवाज काढला, तेव्हा कुठे पोरीने मान वळवली. "तुझा काय कसूर न्हाई, बाय. उद्याच हैदराबादला जाऊ," असं म्हणत तिने पोरीला छातीशी धरून आत आणलं. गंगम्माने दार लावलं. आता थांबेल, म्हणून तिघी एकमेकींना बिलगून कान देऊन बसल्या. भागूची मान अजून एका अंगाला कललेलीच होती.

बाहेर, घरापासून जराही लांब न जाता, धोंडप्पा हाका मारतच होता.