रिकामी गाठ

दिवा जरा मोठा कर. मी भित्री नाही, पण ही गोष्ट उजेडातच सांगावी असं माझं मत आहे.

मी पोस्टात नोकरीला. दर उन्हाळ्यात रजा काढून चर्चच्या मुलांच्या शिबिराला मदतीला जाते. घसा बसतो, केसांत कोणीतरी च्युइंगगम चिकटवतं, तरी जाते. खोड म्हण हवं तर. त्या वर्षी माझ्या गटात चिमणी नावाची मुलगी होती. तिची आई नुकतीच गेलेली, आणि पोर कोणाशी चकार शब्द बोलत नव्हती. तिला बसमध्ये चढवताना तिचे बाबा मला म्हणाले, "ताई, आता हीच उरलीय मला." मी म्हटलं, "जशी नेतेय तशी आणून देईन." बोलून बसले खरी.

टेकडीवर प्रार्थनेला जाताना मुलांनी एक लांब दोरी धरायची, अशी त्या शिबिराची रीत. प्रत्येक मुलाला एक गाठ. पुढे पास्टर, सगळ्यात मागे मी, आणि माझ्याही मागे दोरीच्या टोकाला एक रिकामी गाठ. ती प्रभूसाठी ठेवलेली. तिला कोणी हात लावायचा नाही. "प्रभूला वाट चुकायची भीती वाटते का?" असं मी पास्टरांना चिडवलंही होतं.

दुपारी परतताना धुकं उतरलं. बघता बघता माझ्या पुढची चिमणी दिसेनाशी झाली, मग माझाच हात दिसेना. ओल्या मातीचा, शेवाळाचा वास नाकात भरला. मुलं गात होती म्हणून बरं. त्या आवाजामागून मी चालत राहिले. मग पुढची दोरी सैल पडली. चाचपत हात पुढे नेला... चिमणीची गाठ रिकामी होती.

त्या वाटेच्या कडेला जुनी दगडखाण आहे, तळाशी पाणी भरलेली.

"चिमणी नाहीये!" मी ओरडले. "सगळे आहात तिथे खाली बसा. दोरी सोडायची नाही, आणि गाणं थांबवायचं नाही!"

तेवढ्यात दोरी ताणली गेली. मागून.

मागे तर कोणीच नव्हतं. मान वळवायचा मला धीर होईना. पुन्हा ओढ लागली, हळूच, लहान मुलाने बाही ओढावी तशी.

"प्रभू, तू असशील तर ठीक," मी पुटपुटले. "दुसरं कोणी असेल तर... तरीही येते."

दोरी चाचपत मी मागे निघाले. रिकामी गाठ हाताला लागली. तिथे दोरी संपायला हवी होती. ती संपली नाही. गार, ओलीचिंब, ती पुढे जातच राहिली. पायाखाली दगड लागले आणि दोरी सरळ खाली खाणीत उतरली. मी पोटावर आडवी झाले.

"चिमणे..."

"मावशी, मी पडले..." मी ऐकलेले तिचे पहिले शब्द!

"घट्ट धर, राणी. सोडू नकोस."

दात-ओठ खाऊन मी ओढलं. पोर अगदी हलकी लागली. तिला छातीशी कवटाळून मी ढसाढसा रडले. मग तीच दोरी धरून आम्ही गाण्याच्या दिशेने आलो, आणि मी आरोळी ठोकली, "सापडली!"

त्या धुक्यात जो हालेलूया उठला ना! आठवला की आजही आनंदाने ऊर भरून येतो. पास्टर लहान मुलासारखे रडत होते. जेवणघरात मुलांनी ताटं बडवून छप्पर डोक्यावर घेतलं, आणि आमची मुकी चिमणी टेबलावर उभी राहून सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गायली. मी दिलेला शब्द पाळला होता. त्या संध्याकाळी माझे पाय जमिनीवर नव्हते.

पास्टरांनी दोरी शेगडीजवळच्या खिळ्याला टांगली. ती नेहमीएवढीच लांब होती, टोकाला तीच गाठ. सगळी दोरी वाळली, तरी त्या एका गाठीतून पाणी टपकतच होतं.

चिमणी टेबलावरून उतरली आणि माझ्या कानाशी आली.

"मावशी, मला खालच्या पाण्यातून उचलून देणारी ती ताई... तिला कधी काढायचं वर?"