धबधब्यामागची हाक

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या मुलीच्या बाबतीत घडलंय, आणि अजून संपलेलं नाही.

मी धनंजय. मूळचा गुहागरचा, आता मस्कतला कुरुममध्ये ड्राफ्ट्समन. गेल्या फेब्रुवारीत बायको सरिता आणि आठ वर्षांच्या रेवाला घेऊन ओमानच्या उत्तर टोकाला, खसबला गेलो. तिथे उंच डोंगरांच्या मधून समुद्र आत शिरतो, आणि लाकडी बोटीने फिरवून आणतात. आदल्या दिवशी जोरदार पाऊस झालेला. एरवी कोरडेठाक कडे, त्या दिवशी जिकडेतिकडे धबधबे!

दुपारचे चार वाजले होते. बोटवाल्या अरहमने एका धबधब्याजवळ इंजिन बंद केलं.

आणि... आवाज थांबला.

पाणी पडत होतं. डोळ्यांसमोर पडत होतं. पण आवाज नाही.

मग पाण्यामागून हाक आली...

"रेवा..."

एकच हाक. आवाज माझा.

माझ्या तोंडात समोसा होता.

"ओ बाबा!" धबधब्याकडे बघत रेवा ओरडली.

आमच्या गावात पोरांना आधी हेच शिकवतात... पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस तीनदा हाक मारतो. 'ते' एकदाच. रेवाला मी शिकवलंच नव्हतं. म्हटलं, मस्कतच्या फ्लॅटमध्ये कशाला हवंय!

अरहमने धबधब्याकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे.

"खलास. वापस चलो," म्हणत त्याने बोट वळवली.

मस्कतला, अल मवालेहच्या आमच्या घरी पोचताच रेवाला समोर बसवलं. "तीन हाका मोजायच्या. मगच ओ."

"बट व्हाय, बाबा?"

"मी सांगतो म्हणून."

शहाणी पोर, तिने ऐकलं. आम्हीही तीनदाच हाक मारायचो. "हजेरी घेताय का?" सरिता चिडवायची. हळूहळू माझी भीती गेली.

परवा संध्याकाळी ऑफिसातून आलो. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता... धो धो.

दार उघडलं.

आवाज थांबला.

शॉवर बंद. लादी कोरडी. मधोमध रेवा, केस ओलेचिंब.

"बाबा, तुम्हीच बोलावलं ना?"

"नाही गं. मी आत्ता येतोय."

"पण आय काउंटेड!" ती रडायला लागली. "वन, टू, थ्री. मग मी ओ म्हटलं."

म्हणजे मी शिकवत होतो, तेव्हा ऐकणारी रेवा एकटी नव्हती.

आता आमच्या घरात कुणी कुणाला हाक मारत नाही. जवळ जाऊन हात लावतो.

तरी हे लिहिता लिहिता, आत्ताच, आतल्या खोलीतून रेवा म्हणाली...

"आले, बाबा."