शेडमधली चार लिंबं

शपथेवर सांगतो, यातलं एक अक्षर बनवलेलं नाही. बनवायला डोकं थाऱ्यावर लागतं, आणि माझी नोकरी जुलैमध्येच गेली होती. घर हातचं जातंय की राहतंय, एवढाच विचार चोवीस तास.

मी हरीश. बायको मृदुला. आम्ही न्यूझीलंडमध्ये पोरिरुआला राहतो. दोन वर्षांपूर्वी इथलं एक घर घेतलं, मालक म्हातारा वारला होता. सामानासकट घेतलं. मागच्या शेडचं दार अडकलेलं, म्हणून ती कधी उघडलीच नाही.

गेल्या सप्टेंबरात वाऱ्याने शेडचा पत्रा उडवला. आणि आत...

गाडी.

जुन्या गाड्यांची किंमत ठरवणारा रॉस आला. टॉर्च घेऊन तासभर गाडीखाली लोळला.

"चौतीस सालची फोर्ड," तो म्हणाला. "छप्पर कापून बुटकी केलीय. हॉट रॉड म्हणतात असल्या गाडीला. म्हाताऱ्याने हाताने बांधलीय."

बॉनेट उघडलं तर आत इंजिनच नाही! माझा चेहराच पडला. रॉस मात्र खूश. मीटर शून्यावर, नव्या टायरवर असतात ते रबराचे केससुद्धा शाबूत.

"बांधल्यापासून रस्त्यावर गेलीच नाही. म्हणून चाळीस हजार. शुक्रवारी येऊन लेखी देतो. स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या बोलीत, एकदम झकास.

चाळीस हजार डॉलर म्हणजे घर वाचलं.

त्या आठवड्यात दसरा होता. मृदुलाने गाडीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, चारही चाकांखाली लिंबं ठेवली.

"अगं, इंजिन नाही. लिंबं चिरडणार कोण?"

"राहू देत तशीच. तुला काय त्रास?" तिने हात जोडले. "सुखरूप फिरून ये."

सकाळी शेड उघडली.

चारही लिंबं... सपाट.

"ढकललीस ना? हौस नुसती!" मी ओरडलो.

"मी? ही गाडी? एवढी ताकद असती तर आधी तुला हलवला असता सोफ्यावरून."

मी मीटर बघितलं.

चौदा मैल.

पत्रा परत ठोकलेला, शेडला कुलूप होतं. किल्ली माझ्या खिशात. टायरच्या खाचांत ओली वाळू.

मंगळवारी अठ्ठावीस. बुधवारी बेचाळीस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी हातातोंडाशी आलेली किंमत, आणि रोज चौदा मैलांनी घसरतेय! जॅक लावून गाडी उचलली, खाली ठोकळे दिले. चारही चाकं हवेत.

गुरुवारी ठोकळे जागच्या जागी. चाकं हवेतच.

मीटर... छप्पन्न.

शुक्रवारी रॉसने सत्तर आकडा बघितला आणि भडकला. "कुठे फिरवलीस?"

"कशाने फिरवू? पेडल मारून?"

तो आत वाकला. मग एकदम हळू बोलायला लागला. "ही सीट मागे सरकवलीय. तुझे पाय पोचणार नाहीत, हरीश."

बारा हजार लिहून दिले आणि निघून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

करणार काय? बँक थांबत नाही. ऑकलंडच्या एका शौकिनाने बारा हजारांत घेतली. शनिवारी ट्रेलरवर चढवली. ट्रेलर वळला, तशी मृदुला फाटकातून हात हलवत सवयीने म्हणाली, "ये हं!"

मी हसलो. गेलेल्या पैशांचं दुःख असूनही हसलो.

शेड झाडून काढली. कुलूप लावलं.

सोमवारी सकाळी उघडली...

रिकामी.

पण फरशीवर चार जागी ओली वाळू. बरोबर चाकांच्या जागी. आणि झेंडूची एक पाकळी, ताजी.

तेवढ्यात ऑकलंडहून फोन. गाडी काल संध्याकाळी पोचली, रात्री त्याच्या गॅरेजमध्ये कुलपात होती. आणि मीटर एका रात्रीत पावणेआठशे मैल वाढलंय.

मी नकाशा काढला. त्याच्या घरापासून आमचं घर. आणि परत.

तेव्हापासून रोज असंच चाललंय. तो म्हणतो, गाडी घेऊन जा. पैसे तर बँकेने कधीच ओढले. घरावर आता विक्रीची पाटी लागलीय. बघायला येणारे शेडपर्यंत जातात, वाळू बघतात आणि परत फिरतात.

"तूच बोलावलंस तिला," मी मृदुलाला म्हणालो. "आता तूच 'जा' म्हण."

घरातून निघणाऱ्याला 'जा' म्हणायचं नाही, हे तिच्या आईने तिला लहानपणापासून शिकवलेलं. तरी ती रोज सकाळी शेडच्या दारात उभी राहते. तोंड उघडते. शब्द निघत नाही.

आज चिडून मीच पुढे झालो. छाती भरून श्वास घेतला.

"ये," माझ्या तोंडून निघालं.

मला 'जा' म्हणायचं होतं.