एक ओळ जास्त

पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या. तिखटमीठ लावून सांगायचा माझा स्वभाव नाही. ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम. आणि हे घडलं ते दिवसाढवळ्या.

रविवार होता. ऑफिसला सुट्टी. चौथ्या मजल्यावर मी एकटाच.

सव्वीस कॉम्प्युटरांवर नवीन ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची होती. एकेकासमोर बसायला वेळ कुणाला आहे? म्हणून सगळं आपोआप होईल असं लावलं होतं. इन्स्टॉल होताना जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. भाषा कोणती, नाव काय, जुनं सगळं पुसू का... मग मशीन कुणाला काही विचारत नाही. सर्व्हरवरून सुरू करायचं आणि स्क्रीनवरच्या यादीत कोण कुठवर पोचलं ते बघत बसायचं.

घरी बाबा होते. बायको माहेरी गेलेली. बाबांना दोन वर्षांपासून काही आठवत नव्हतं, माझं नावसुद्धा. दार उघडं दिसलं की चालू लागायचे. म्हणून बाहेरून कुलूप लावून आलो होतो.

"दोन तासांत येतो, बाबा."

त्यांचं लक्ष नव्हतं. टेबलावर बोटं चालली होती. सगळी नोकरी टायपिस्टची. डोकं विसरलं, बोटं विसरली नाहीत.

चार वाजता काम संपलं. दाराला कार्ड लावलं...

कुलपावरचा हिरवा दिवा लागला नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. दाराचं कुलूप चालवणारा कॉम्प्युटरही त्याच नेटवर्कवर होता. आणि मी दीडशहाण्याने फाइलमध्ये लिहिलं होतं, जो सापडेल तो पुसा. यादीत सत्तावीस ओळी होत्या. सव्वीस ऑफिसचे, सत्ताविसावा दाराचा. माझ्याच हाताने पुसलेला.

मोबाइल खाली वॉचमनकाकांकडे चार्जिंगला. टेबलावरचे फोन आणि इंटरनेट सुट्टीच्या दिवशी बंद. दार बडवलं. घसा बसेपर्यंत ओरडलो. खिडक्यांच्या काचा न उघडणाऱ्या.

साडेपाच झाले.

बाबांची गोळी चुकली. पाणी हाताशी ठेवलं होतं का? गॅस बंद केला होता का? काही आठवेना. मी जमिनीवर बसलो आणि मला रडू फुटलं.

तेवढ्यात...

टक. टक टक टक.

कोपऱ्यातून.

तिथलं टेबल रिकामं आहे. कॉम्प्युटर नाही, कीबोर्ड नाही. भिंतीतून नुसती एक वायर लोंबते.

जवळ गेलो. आवाज थांबला. पाठ फिरवली... पुन्हा सुरू.

भरभर बोटं. मग थांबणं. मग अंगठ्याचा जोरात ठोका.

हा ताल मला पाठ होता. लहानपणी शेजारच्या खोलीत तो वाजत असायचा आणि मी अभ्यास करायचो.

यादीकडे पाहिलं. आता अठ्ठावीस. एक ओळ जास्त होती.

बाकी सगळ्यांपुढे लिहिलेलं, पूर्ण. हिच्यापुढे, उत्तराची वाट पाहत आहे. खरं तर माझ्या फाइलमध्ये सगळी उत्तरं होती. नावाच्या रकान्यात मराठीत दोनच शब्द...

दार उघड.

"बाबा?"

टकटक थांबली.

मागे कुलूप खटकन उघडलं. दाराचा कॉम्प्युटर तसाच कोरा होता. मी स्वतः पाहिलं.

धावत खाली आलो. वॉचमनकाका हसले, "काय साहेब, भूत पाहिलंत का?" मी फोन हिसकावून घेतला आणि पळालो.

घराचं कुलूप जसंच्या तसं. बाबा टेबलापाशी बसलेले. बोटांची टोकं लालबुंद.

त्यांनी वर पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मला ओळखलं.

"आलास, बाळ? उघडलं ना तुझं दार?"

"हो, बाबा."

"मग माझं कधी उघडतोस?"

माझ्या मागे दार सताड उघडं होतं. किल्ली माझ्या हातात होती.

त्यानंतर मी घराला बाहेरून कधीच कुलूप लावलं नाही. कामावर जाताना बायको घरी नसली तर शेजारच्या मावशींना बसवून जायचो. पण बाबा तो प्रश्न रोज विचारायचे. अगदी शेवटपर्यंत.

त्यांना जाऊन आठ महिने झाले.

मागच्या रविवारी पुन्हा तेच काम निघालं. या वेळी दारात खुर्ची अडकवली, फोन खिशात ठेवला, दाराचा कॉम्प्युटर यादीतून काढला. सव्वीसच्या सव्वीस पूर्ण झाले.

यादीत एक ओळ जास्त आहे...

ती अजून तिथेच आहे. उत्तराची वाट पाहत आहे.

मला वाटलं होतं, गेल्यावर तरी बाबा सुटले.