डावा दिवा

गिरीजच्या वळणावर, बावखलाच्या, म्हणजे गावतळ्याच्या, कडेला, गॅब्रिएल मिस्त्रींची पत्र्याची शेड होती. मिस्त्री वारले त्याला दीड वर्ष झालं होतं, तरी मोटार बंद पडली की लोक सवयीनं ती तिथंच ढकलत आणायचे. आणि तिथं त्यांना भेटायची फ्लॉसी, मिस्त्रींची एकुलती एक मुलगी. सातवीनंतर शाळा सुटली ती बापाच्या हाताखाली पक्कड धरायलाच. लग्न होऊन गावातल्या गावात सासरी गेली, नवरा हिलरी बोटीवर नोकरीला गेला, पण शेडची चावी मात्र तिच्याच कमरेला राहिली.

जानेवारीतल्या एका गुरुवारी विद्याधरभाऊंनी आपली काळी मोटार आणली. त्यांच्या वडिलांच्या वेळची, पितळी दांड्यांची, दोन मोठ्या गोल दिव्यांची.

"रविवारी मुंबईला जुन्या मोटारींची मिरवणूक आहे, फ्लॉसी. दोन्ही दिवे लागले पाहिजेत म्हणतात. उजवा कधी लागतो, कधी विझतो. आणि डावा..."

"डावा पप्पांना जमला नव्हता," फ्लॉसीनंच वाक्य पुरं केलं.

गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं. वीसेक वर्षांत पाच वेळा ही गाडी शेडमध्ये आली आणि पाचही वेळा डाव्या डोळ्यानं आंधळीच परत गेली. नाक्यावर माणसं हसायची, "अख्ख्या वसईच्या गाड्या उजेडात आणल्या मिस्त्रीनं, पण ह्या एका दिव्यापुढं हात टेकले!" मिस्त्री कधी उलट बोलले नाहीत. फ्लॉसीला मात्र ते हसू अजून टोचायचं.

"ठेवून जा, भाऊ. मी करते."

घरी सासूबाईंनी, बर्थाबाईंनी, हात नाचवले. "बापाला नाही जमलं ते लेक करणार! आणि पोर कोण बघणार?"

"माझ्याजवळच राहील, आई."

इझाबेल आठ महिन्यांची. धड रांगतही नव्हती. फ्लॉसीनं शेडच्या वाशाला झोळी बांधली आणि तिला आत ठेवली. हातातलं काम टाकून ती दर थोड्या वेळानं उठायची, पोरीच्या नाकाखाली बोट धरायची, श्वास बोटाला लागला की पुन्हा कामाला बसायची. सर्दी झाली तर, मुंगी चावली तर, झोळीची गाठ सुटली तर... तिच्या जिवाला काही स्वस्थता नव्हती. पण पक्कड हातात आली की तेच हात शांत व्हायचे.

जुन्या वायरींवरचं कापड बोट लावताच भुगा होऊन पडत होतं. होल्डरांत हिरवा गंज साचला होता. तिनं ते पॉलिशपेपरनं घासून तांब्यासारखे लाल केले, नव्या वायरी ओवल्या, सोल्डरचे डाग दिले. जळक्या राळेचा वास शेडभर पसरला. पप्पांच्या सदऱ्याला यायचा तोच वास.

शनिवारी दुपारी उजवा दिवा झाला. मग तिनं डाव्याचं भांडं उघडलं. होल्डरच्या मागं काळ्या टेपखाली वायर सरळ कापलेली होती. दोन्ही टोकं लांब धरून मेणदोऱ्यानं बांधलेली. सात वेढे आणि वर दुहेरी गाठ.

ती गाठ फ्लॉसीनं झोपेतही ओळखली असती.

"पप्पा, एवढंच होतं हो," ती मोठ्यानं म्हणाली. तिला हसूही आलं, वाईटही वाटलं. उतारवयात नजर कमी झाली असेल, कापली आणि जोडायची विसरली असेल. तिनं ती वायर काढून टाकली, नवी ओवली.

चर्चची संध्याकाळची घंटा झाली तेव्हा उजेड उतरला होता. रस्त्यापलीकडं वाडीची भिंत होती. नाताळात चुना दिलेली, पांढरीशुभ्र. मिस्त्री दिव्यांचा झोत त्याच भिंतीवर लावून बघायचे. फ्लॉसीनं बॅटरी जोडली आणि कळ दाबली.

भिंतीवर दोन गोल उमटले. दोन! उजवा आणि डावा, शेजारीशेजारी, पौर्णिमेचे दोन चंद्र असावेत तसे. फ्लॉसीचा ऊर भरून आला. असं वाटलं, धावत जावं, नाक्यावरच्या एकेकाला दंडाला धरून आणावं आणि म्हणावं, बघा, हसा आता!

मग डाव्या गोलात सावली दिसली.

एका बाईची. फ्लॉसीनं दिव्यापुढं पाहिलं. दिवा आणि भिंत यांच्यामध्ये कोणी म्हणजे कोणी नव्हतं. सावलीची कंबर एका बाजूला कललेली, हात वळवलेला, पोर कडेवर घ्यावं तसा. पण कडेवर पोर नव्हतं. हवेत एकाएकी वास आला, ओल्या चिखलाचा आणि आंबलेल्या दुधाचा...

झोळीतून इझाबेल खुदकन हसली. तिनं दोन्ही हात भिंतीकडं पसरले होते. आणि सावलीचा दुसरा हात हळूहळू पुढं येत होता.

"बंद कर... आधी बंद कर तो."

दारात वाडीतली धोंडूबाई उभी होती. डोक्यावरची पाटी तशीच. फ्लॉसीनं कळ दाबली. अंधार झाला. तिनं झडप घालून पोरीला उचललं.

"कोण... कोण होतं ते, मावशी?"

"सालोमी." धोंडूबाई खाली बसली. "विद्याधरच्या बापाची गोष्ट. डावा दिवा गेलेला, तरी तशीच गाडी आनली त्यानं अंधारात. सालोमी पोराला घेऊन डाव्या अंगानं चाललेली. दिसलीच नाय त्याला. ती वाचली, पोर गेलं. मग रोज सांजच्याला हितं उभी ऱ्हायची, मोकळा हात असा कडेवर धरून. मेली, तरी उभीच हाय. डावा दिवा लागला की दिसते."

"पण पप्पांना तर तो दिवा..."

"तुझ्या बापानं पैल्याच येळी लावला व्हता गं! मी हितंच व्हते. आनि तू ह्याच वाशाला, झोळीत." धोंडूबाईचा आवाज खाली गेला. "त्यानं आपल्या हातानं वायर तोडली. म्हनाला, कोनाला बोलू नको, धोंडू. हसूदे लोकांना."

फ्लॉसीनं पोरीला पाठीशी बांधलं. वीस वर्षं लोक हसले होते, आणि हा माणूस तिच्यासाठी मुकाट ऐकत राहिला होता.

तिनं नवी वायर कापली. टोकं लांब धरली. मेणदोऱ्याचे सात वेढे, वर दुहेरी गाठ. डावा बल्ब काढून कापसात गुंडाळला आणि पप्पांच्या बिस्किटाच्या डब्यात टाकून डबा घरी आणला.

रविवारी सकाळी भाऊ आले. फ्लॉसी मान ताठ ठेवून म्हणाली, "उजवा आता कधी विझायचा नाही. डावा नाही जमला."

भाऊंचा चेहरा पडला. "शेवटी गॅब्रिएलचीच पोर."

"हो भाऊ, त्यांचीच."

त्या दिवशी अंधार पडता पडता घराच्या दारात भोंगा वाजला. विद्याधरभाऊ हातात बक्षिसाची पितळी ढाल घेऊन उतरले.

"म्हाताऱ्याची थट्टा करतेस होय गं? तिथं कळ दाबली तर दोन्ही दिवे लख्ख! येतानाही सबंध रस्ताभर लख्ख! गॅब्रिएलची पोर ना शेवटी!"

बर्थाबाईंनी शेजारपाजार गोळा केला. "माझी सून! सातवी शिकलेली, पण मुंबईच्या मिस्त्र्यांना जमायचं नाही असं काम करते!"

फ्लॉसीनं फळीवरचा डबा काढला. बल्ब कापसात तसाच होता.

"आणि आत्ता वळणावर मी हात केला तर बघितलंसुद्धा नाहीस," भाऊ हसत म्हणाले. "भिंतीला लागून उभी होतीस ना, पोरीला कडेवर घेऊन? डाव्या दिव्यात स्पष्ट दिसलात. तू काही बोलली नाहीस, पण पोरगी छान हसली."

"मी... मी घरातच होते, भाऊ."

ती आतल्या खोलीत धावली. झोळी हलत नव्हती. इझाबेल गाढ झोपली होती. फ्लॉसीनं नाकाखाली बोट धरलं. श्वास बोटाला लागला. उबदार, संथ.

बाहेर सासूबाई अजून सांगत होत्या, "माझी सून..."

फ्लॉसीनं पांघरूण सारलं. पोरीचा गाल, दंड, चिमुकलं पाऊल, सगळं एकाच अंगाला पांढरं झालं होतं. वाडीच्या भिंतीच्या चुन्यानं. कडेवरचं पोर भिंतीला घासत न्यावं, तसं.