सदक्याचे कोठार

बालाघाटाच्या कड्यांवर त्या दिवशी पहाट उतरली ती धुळीने माखूनच. दोन पावसाळे कोरडे गेले होते. करंजगडाच्या पायथ्याची नदी म्हणजे नुसता वाळूचा पट्टा उरला होता, आणि त्या पट्ट्यापलीकडे, जिथे एरवी जोंधळा डोलत असे, तिथे जळालेल्या गावांचे काळे डाग पसरले होते. निजामशाही अखेरच्या घटका मोजत होती. उत्तरेतून उतरलेल्या मोगल फौजेने वाटेतली गावे आधी लुटली, मग पेटवली. आणि त्या गावांतली जी माणसे तलवारीखालून निसटली ती, म्हातारीकोतारी पाठुंगळी घेऊन, लेकरे काखोटीला मारून, करंजगडाच्या पेठेत येऊन पडली होती.

पेठेच्या वेशीवर जमादार सिदी मर्जान उभा होता. जातीचा हबशी. कोवळ्या वयात समुद्रापलीकडून आणून त्याला दख्खनच्या बाजारात विकले होते, आणि याच पेठेतल्या मोमिन विणकरांनी आपल्या जकातीतून त्याची मान सोडवली होती. नाक्यावर सरकार उकळते ती जकात निराळी. ही धर्माची, वर्षाअखेर कमाईतून बाजूला काढायची आणि फकिराला, वाट तुटलेल्या मुसाफिराला, गुलामाच्या सुटकेला द्यायची. मोकळा झाल्यावर मर्जानने किल्लेदार सरफराज मलिकाची चाकरी धरली. मलिकाने त्याला तलवार दिली, जमादारी दिली. त्या मिठाची आठवण मर्जानला घासागणिक होती.

मशिदीला लागून दगडी बांधणीची दोन कोठारे होती. एकात जकातीचे धान्य, दुसऱ्यात सदक्याचे, म्हणजे ज्याने त्याने राजीखुशीने दिलेले. दोन्हींच्या किल्ल्या मखदूमा बीबीच्या कमरेला असत. ही विणकराची विधवा पेठेच्या धर्मादायाची मुतवल्ली, म्हणजे कारभारीण, होती. रोज सकाळी कोठाराच्या उंबऱ्यावर बसून ती आंबिलीच्या कढया वाटून संपेपर्यंत उठत नसे.

सूर्य कासराभर वर आला तोच गडावरून हुजऱ्या धावत आला. किल्लेदारांनी जमादाराला सदरेवर याद केले होते.

मलिक लोडाला टेकून बसला होता. त्याने हुजऱ्यांना बाहेर घालवले.

"मर्जान, तुझ्या इमानाची आम्हांस कदर आहे," तो म्हणाला. "म्हणूनच जे दिवाणालाही सांगितले नाही ते तुला सांगतो. दिवस कलण्याआधी मोगलांची आघाडी वेशीपाशी येईल. आम्ही वेस उघडणार. बदल्यात आम्हांस मनसब, तुला जहागीर."

मर्जानने विचारले, "आणि मोगलांस काय, हुजूर?"

"किल्ला. आणि त्याहून मोलाचे म्हणजे धान्य. त्यांची घोडी आता झाडांच्या साली खाताहेत. गडावरचे कणगे आपल्याच शिबंदीने रिते केले. भरलेली आहेत ती त्या म्हातारीची कोठारे. दुपारच्या आत कुलपे तोडून ताबा घे."

"ते धान्य सरकारचे नाही, हुजूर. खैरातीचे आहे."

"खैरात!" मलिक हसला. "पेठेत पडलेले निम्म्याहून जास्त लोक हिंदू आहेत. जकातीवर त्यांचा काय हक्क? काझीला विचार."

"जकातीतले त्यांना देत नाहीत. त्यांना सदक्यातले मिळते. सदक्याला धर्माची अट नाही, हुजूर. आणि दोन्हींत किल्लेदाराचा वाटा तर कुठेच नाही."

मलिकाचे हसू विरले. "त्या लोकांना वेशीबाहेर हाकलून दे. पुढे मोगल आणि ते पाहून घेतील."

बाहेर वाळूच्या पट्ट्यावर मोगल स्वार त्या पोराबाळांचे काय करतील हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता. मर्जानने लवून मुजरा केला. मलिकाला वाटले, हुकूम मान्य झाला. मर्जान बुरुजाची वळणे उतरून पेठेकडे निघाला. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्यावर हत्यार उचलायचे, हा विचार त्याने एकदा झटकला, पुन्हा तो आला, आणि पेठेच्या चौकात आंबिलीसाठी बसलेली रांग नजरेस पडली तेव्हा त्याने तो झटकला नाही.

मखदूमा बीबी उंबऱ्यावरच होती. तिच्याजवळ हणगोजी पाटील बसला होता. त्याचे गाव बेचिराख झाले होते, दोन मुलगे मारले गेले होते, आणि वाचलेल्या गावकऱ्यांना घेऊन तो इथवर आला होता. मर्जानने दोघांना सगळे सांगितले.

"आग लावू कोठाराला," हणगोजी दात खाऊन म्हणाला. "दाणा मिळू द्यायचा न्हाई त्या हरामखोरांना."

"अमानत आहे पाटील, जाळायला माझी नाही," बीबी म्हणाली. तिने कमरेच्या किल्ल्या सोडल्या. "ज्यांच्यासाठी आली त्यांनाच देऊन टाकते. मशिदीमागून खिंड वर पठारावर जाते. ज्याला जेवढे उचलवेल तेवढे त्याने घ्यावे नि चालू लागावे. मर्जान बेटा, वेस बंद कर."

वेशीची दारे लावली. त्यांच्यामागे गाड्या, दळणाची जाती, मागाची लाकडे, हाताला लागेल ते रचले. दोन्ही कोठारे सताड उघडली. लुगड्यांचे ओचे, पागोटी, घोंगड्या, मडकी, जे मिळेल त्यात जोंधळा भरला जाऊ लागला. सदक्याचे कोठार आधी संपले. हणगोजीच्या गावची कितीतरी माणसे अजून रिकाम्या हाती उभी होती. शेजारच्या कोठारात धान्य होते, पण ते जकातीचे. बीबी घुटमळली. सगळे आयुष्य तिने दोन्ही हिशेब एकमेकांना शिवू दिले नव्हते.

तेव्हा जकातीच्या रांगेतली जैनब नावाची विणकरीण पुढे झाली. नवरा नुकताच मोगलांच्या गोळीला बळी पडलेला. तिने आपल्या पदरात पडलेला वाटा हणगोजीच्या सुनेसमोर निम्मा ओतला.

"बीबी, मला दिलेत ते माझे झाले ना?" ती म्हणाली. "मग माझे मी कोणाला द्यावे, हे मला कोण सांगणार?"

तिच्यामागून दुसरीने ओतले, मग तिसऱ्याने. बीबीने डोळे पुसले आणि ती जोरात ओरडली, "आटपा! पाय उचला!"

माणसांची रांग खिंडीत शिरली तोच नदीच्या बाजूने नौबत ऐकू आली आणि गडाचा दरवाजा करकरला. मलिक शिबंदी घेऊन खाली येत होता.

"बीबीसाहेब, चला," मर्जान म्हणाला.

"खिंड चढायचे गुडघे आता नाहीत, बेटा. आणि मी निघाले तर तो थेट तुमच्या मागे धावेल. इथे बसले तर आधी माझ्याशी भांडेल." तिने रित्या कोठारांची दारे ओढून घेतली, कुलपे लावली, आणि रोजच्या जागी जाऊन बसली.

मर्जानने आपले मूठभर हबशी खिंडीच्या तोंडाशी उभे केले. हणगोजी आणि त्याच्या गावचे काही गडी, कुऱ्हाडी आणि गोफणी घेऊन, त्यांच्यात मिसळले.

मलिक घोड्यावरून उतरला. "किल्ल्या दे, म्हातारे."

"कशाला? धान्य ज्याचे होते त्याच्याकडे गेले."

मलिकाने तलवार उपसली. तो एक घाव मर्जानने खिंडीच्या तोंडातून पाहिला. बीबी उंबऱ्यावर आडवी झाली, आणि शिबंदीने कुऱ्हाडींनी दार फोडले. आत झाडलेली फरशी होती. मलिक वेड्यासारखा ओरडला, "खिंड! खिंडीकडे!"

मग जे झाले ते लढाईपेक्षा खाटिकखान्यासारखे होते. खिंडीत दोन माणसे जेमतेम शेजारी उभी राहत. पडलेल्याला ओलांडून पुढचा येई आणि त्याच्यावरच पडे. गोफणीचे धोंडे कवट्या फोडत होते. मर्जानचा दांडपट्टा कोपरापर्यंत रक्ताने निसरडा झाला. त्याचे हबशी एकेक करून कोसळले. शेजारी हणगोजीच्या बरगड्यांत भाला शिरला, तरी त्याने भालाईताची मान कुऱ्हाडीने तोडली आणि मगच गुडघ्यांवर बसला. तिकडे मोगल वेशीवर ओंडके आदळत होते. आत येऊ पाहणारे आणि आतले, दोघेही एकाच गोष्टीवर तुटून पडले होते, जी आता तिथे नव्हतीच.

शेवटी मलिक स्वतः समोर आला.

"नमकहराम!" तो गर्जला.

मलिकाचा वार मर्जानने डाव्या हातावर झेलला. हात मनगटातून तुटून पडला. त्याच क्षणी उजव्या हातातला पट्टा मलिकाच्या गळ्यातून आरपार गेला. किल्लेदार पडलेला पाहताच शिबंदी मागे हटली, आणि तेवढ्यात वेस फुटली. घुसलेल्या मोगलांनी करार कोणाशी झाला होता याची विचारपूस केली नाही. रस्त्यात दिसेल त्याला त्यांनी कापले, आणि त्यात मलिकाची शिबंदीही कापली गेली.

जखमी हणगोजीला आणि अर्धवट शुद्धीतल्या मर्जानला उरलेल्या गड्यांनी घोंगडीत घालून वर नेले. हणगोजी पठार दिसायच्या आतच गेला. मर्जान जगला; तुटलेल्या हातावर उकळते तेल ओतताना चौघांनी त्याला दाबून धरले होते. पठारावर माणसे गावोगाव विखुरली, त्या जोंधळ्यावर तगली. करंजगडावर मोगल निशाण चढले खरे, पण दाणावैरणीवाचून घोडी मरू लागली, तेव्हा गडावर नावापुरते ठाणे ठेवून फौज दुसरीकडे वळली.

पुढच्या साली पाऊस पडला. लोक पेठेत परतले; गडावरचे ठाणे तोवर उठले होते. मर्जानने आधी बीबीची कबर बांधून काढली, मग कोठाराला नवे दार बसवले. मुतवल्ली कोण, यावर पेठेत फारशी चर्चा झाली नाही. जैनबने किल्ल्या त्याच्या कमरेला बांधल्या. सुगीनंतर हणगोजीची सून पहिली टोपली घेऊन आली. विणकर आले, शेतकरी आले. सदक्याचे कोठार पुन्हा अर्धे भरले.

एका सकाळी उंबऱ्यासमोर एक लंगडा माणूस येऊन बसला. अंगावर चिंध्या, पण चिंध्यांचा रंग मोगली होता. फौजेने मागे टाकलेला स्वार. भोवती माणसे गोळा झाली. हणगोजीच्या सुनेने जमिनीवरचा धोंडा उचलला.

"हेच ते," ती म्हणाली. "आमचं गाव ह्यांनीच जाळलं."

मर्जानच्या डाव्या मनगटाचे थोटूक आपोआप हलत होते. मग तो आत गेला, भाकरी आणि आंबिलीचा वाडगा घेऊन आला आणि त्या माणसासमोर ठेवला. त्याच्या तोंडाकडे मात्र त्याने पाहिले नाही.

स्वार दोन्ही हातांनी खाऊ लागला. बाई धोंडा हातात धरून तशीच उभी होती. तो खाऊन उठेपर्यंत तिने तो खाली टाकला नाही. आणि फेकलाही नाही.