हॅगडेलच्या घाटातला रिकामा डबा

शेगडीत अजून एक लाकूड सारा. रूथ, तो फोन खिशात टाक आधी. उद्या सकाळी तुम्ही सगळे आपापल्या जुन्या गाड्या घेऊन हॅगडेलचा घाट चढणार, आणि मघाशी तूच विचारलंस ना, की माथ्यावर पोचलं की ओढ्यातून पाण्याचा डबा भरून कठड्यावर ठेवायचा हा आपल्या क्लबाचा काय खुळेपणा आहे? मग ऐक. मध्ये बोलायचं नाही. हे मी रचलेलं नाही. कॉलिन रेपरनं मला स्वतः सांगितलंय, माझ्या गॅरेजमध्ये उभं राहून, आणि कॉलिन थापा मारणारा माणूस नव्हे. थापा मारायला डोकं चालावं लागतं, त्याचे फक्त हात चालतात.

तारीख सांगतो. गुरुवार, चौदा नोव्हेंबर, दोन हजार एकोणीस. कॉलिनचे वडील, हॅरल्ड, घाटापलीकडे केटलबीच्या हॉस्पिसमध्ये होते. वय ब्याऐंशी, फुप्फुसं गेलेली. नऊ दिवस अंथरुणातून पाय खाली टेकला नव्हता. जीव मात्र जात नव्हता, आणि झोपही लागत नव्हती. त्यांनी लेकाकडे एकच गोष्ट मागितली होती. शेडमधली गाडी घाट चढवून आण आणि माझ्या खिडकीखाली उभी कर, मला तिचा आवाज ऐकायचाय.

ती गाडी म्हणजे दोन आसनांची, बुटकी, गर्द हिरवी, एकोणीसशे चौसष्ट सालची. तिचं इंजिन हॅरल्ड आणि त्यांचा भागीदार विल्फ यांनी मिळून बांधलं होतं. विल्फ त्याच घाटात गेला. अठ्ठ्याहत्तर सालचा नोव्हेंबर. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कसा गेला, ते मात्र हॅरल्डनी एक्केचाळीस वर्षं पोटात ठेवलं आणि मरायला टेकल्यावर लेकाला सांगितलं.

त्या काळी घाट चढताना सगळ्याच गाड्या उकळायच्या. म्हणून माथ्यावर कठड्यावर एक पत्र्याचा डबा असायचा, कायम भरलेला. लागलं तर पाणी घ्यायचं, आणि मग उतरून ओढ्यावर जायचं, डबा भरायचा, जागेवर ठेवायचा. मागून येणाऱ्यासाठी. लेखी नियम नव्हता, पण तो मोडणाऱ्याला गावात कुणी चहा विचारला नसता. त्या दिवशी दुपारी हॅरल्डनी डबा आपल्या दुसऱ्या गाडीच्या रेडिएटरमध्ये ओतला. झिमझिम लागली होती, केटलबीला नाचाचा कार्यक्रम होता, नवा कोट अंगावर होता. म्हणाले, येताना भरू. त्याच रात्री विल्फ ही हिरवी गाडी घेऊन त्यांच्यामागे निघाला. माथ्यावर गाडी उकळली. डबा रिकामा. धुक्यात डबा घेऊन तो ओढ्यावर उतरला. सकाळी सापडला तेव्हा तोंड पाण्यात होतं आणि डबा शेजारी पडला होता.

"विल्फ पोचला नाही रे," हॅरल्ड कॉलिनला म्हणाले होते. "निदान गाडी तरी पोचू दे."

आता कळलं ना कॉलिनच्या मानेवर काय बसलं होतं?

एक्केचाळीस वर्षं ताडपत्रीखाली पडलेली गाडी त्यानं बाहेर काढली. तीन आठवडे झोपला नाही. रेडिएटर नवा घातला. पाण्याचा पंप नवा. थर्मोस्टॅट नवा, तो घरी पातेल्यात उकळून तपासला, बायकोच्या शिव्या खाल्ल्या. पंख्याचा पट्टा ताणला, इंजिनातला गाळ धुऊन काढला. गाडी अंगणात तासभर चालायची, काटा मध्यावर. गावातून फेरी मारली तरी काटा मध्यावर. आणि घाटाला लावली की दुसऱ्या वळणाला उकळी. चार वेळा गेला, चार वेळा मान खाली घालून परत आला. मी त्याला म्हटलं, "अरे, ट्रकवर चढवून ने आणि केटलबीच्या वेशीवर उतरव. बापाला काय कळतंय?" तो माझ्याकडे असा बघत राहिला की मीच नजर वळवली.

आणि गुरुवारी रात्री पावणेबाराला फोन आला. जोआन म्हणून नर्स होती. म्हणाली, "यायचं असेल तर आत्ताच ये. उद्या दुपारपर्यंत भरवसा नाही."

दाराशी व्हॅन उभी होती. अर्ध्या तासात पोचला असता. त्यानं किल्ली हिरव्या गाडीची उचलली. पाच लिटरचा पाण्याचा कॅन शेजारच्या आसनावर टाकला आणि साडेबाराला निघाला.

घाटाच्या पायथ्याचं गेट ओलांडलं आणि धुकं लागलं. पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्याला काटा चढायला लागला. थांबला, इंजिन जरा निवू दिलं, फडका गुंडाळून टोपण सोडलं, सगळा कॅन ओतला. पुन्हा निघाला. दर दहा सेकंदांनी काट्याकडे बघत होता. बाप तिकडे दम मोजतोय आणि आपण इकडे काटा मोजतोय, असं त्याच्या मनात आलं. स्वतःची चीडही आली. व्हॅन आणली असती तर एव्हाना हात हातात घेऊन बसलो असतो.

माथा शंभर पावलांवर असताना काटा शेवटाला टेकला. डावीकडे कठड्यापाशी जरा रुंद जागा आहे, उद्या बघाल तुम्ही. तिथं दिव्यांच्या उजेडात एक माणूस हात करत होता. डोक्यावर सपाट टोपी, अंगात निळा डगला. इथं ये, असा हात. कॉलिननं गाडी आत घेतली.

"बंद करू नकोस," माणूस म्हणाला. "हीटर पूर्ण सोड. पंखा पण लाव."

"उकळतेय हो ती."

"दिसतंय मला. आंधळा नाहीये. हीटर सोड म्हणतो ना. इंजिनातली थोडी उष्णता तुझ्या पायांवर येईल. मरत नाहीस."

कॉलिननं हीटर सोडला. पाय भाजले, पण काटा बोटभर खाली आला. असेल कुणी मेंढपाळ, असं त्याला वाटलं. वाटलं म्हणजे, त्यानं वाटून घेतलं. रात्री सव्वा वाजता घाटमाथ्यावर कोण मेंढ्या राखतं?

"बोनेट उघड. आता इथून तार ओढून रेस दे आणि खालच्या पाण्याच्या नळीकडे बघ."

कॉलिननं टॉर्च धरला, रेस दिली. रेडिएटरच्या खालची जाड रबरी नळी त्याच्या डोळ्यांसमोर आत ओढली गेली. चपटी झाली. रेस सोडली, पुन्हा फुगली.

"पंप पाणी ओढतोय आणि मागून पाणी येत नाहीये," माणूस म्हणाला. "हळू चालवलीस तर कडेकडेनं झिरपतं, म्हणून गावात बरी चालते. चढावर जोर दिला की वाट बंद. त्या दोन नळ्यांच्या मधला लोखंडी पाइप काढला होतास?"

"नाही. पाइपात काय बिघडणार?"

"हं. सगळे तेच म्हणतात. आता बंद कर. निवू दे. हात पोळून घेऊ नकोस."

इंजिन बंद झालं. आणि मग... मग काहीच आवाज नव्हता. नुसती लोखंडाची टकटक. वारा नाही. दर दोन मिनिटांनी कॉलिन घड्याळ बघत होता. माणूस कठड्यावर बसला होता. एकदा कॉलिननं विचारलं, "तुम्ही इथलेच?" तो म्हणाला, "हो, इथलाच."

दोनला पाच कमी असताना कॉलिननं क्लिपा सोडल्या. उरलंसुरलं पाणी रस्त्यावर गेलं. पाइप सुटला. आत बोट घातलं... मऊ लागलं. पक्कडीनं ओढलं. हातभर फडका निघाला, चौकटीचा, कुजून काळा झालेला.

कठड्यावरून हसू आलं. "हॅरल्डची सवय. गाडी उभी करून ठेवायची तर पाइपात फडका. उंदीर घुसू नये म्हणून. आणि काढायला विसरायचं. फार विसरायचा तुझा बाप."

कॉलिननं त्याला ना स्वतःचं नाव सांगितलं होतं, ना बापाचं.

त्यानं टॉर्च वर केला नाही. धीरच झाला नाही. मान खाली घालून पाइप जागेवर बसवला, क्लिपा आवळल्या.  आता पाणी हवं. त्याचा कॅन तर रिकामा.

"पाणी... आहे का?"

"डबा आहे. रिकामा आहे."

उजेडाच्या कडेला पत्र्याचा डबा होता. कड चेपलेली. कॉलिननं तो उचलायला हात पुढे केला. म्हणाला, "मी आणतो भरून."

"तू नको."

"मला बाबांकडे पोचायचंय हो. वेळ नाहीये."

"तू नको," माणूस पुन्हा म्हणाला. आवाजात राग नव्हता. कॉलिन म्हणतो, राग असता तर बरं झालं असतं. "ज्यानं रिकामा केला, त्यानं भरायचा. बोनेटमध्ये बघ. वळू नकोस."

डबा उचलल्याचा आवाज आला. 

मग खाली ओढ्यात पाण्याचा आवाज. कुणीतरी पाण्यात उतरल्यासारखा. पत्र्यात पाणी पडत होतं. आधी पोकळ, मग भरत भरत जड.

मग पावलं. वर येणारी. बूट नव्हते पायात. ओले, अनवाणी... एक पाऊल. थांबणं. दम घेणं. छातीत घुरघुर.

ती घुरघुर कॉलिननं ओळखली. नऊ दिवस रोज उशाशी बसून ऐकली होती.

"बाबा?"



त्यानं डोळे गच्च मिटले. पावलं त्याच्या पाठीशी आली. थांबली. डबा जमिनीवर टेकला. मग म्हातारा, फाटका आवाज, अगदी कानाशी. त्याला उद्देशून नाही, कठड्याकडे.

"उशीर झाला रे, विल्फ."

आणि कठड्यावरून, "झाला खरा. चल. भरलास ना... चल आता."

...

नाही रूथ, भूत बघितलं का म्हणून विचारू नकोस. त्यानं काहीच बघितलं नाही. डोळे उघडले तेव्हा कुणी नव्हतं. पायाशी डबा होता, काठोकाठ. त्यानं ओतला, टोपण लावलं. डबा कठड्यावर ठेवला, बोनेट आपटलं, वळला तर कठडा मोकळा. मग मात्र तो थांबला नाही. डबा त्यानं परतताना भरला, स्वतः ओढ्यावर उतरून, आणि आपल्या क्लबाचा खुळेपणा तिथून आला.

माथा ओलांडला. काटा मध्यावर. उतार, केटलबीचा पूल, चर्च, काटा मध्यावरच. तीनला दहा कमी असताना त्यानं हॉस्पिसच्या मागच्या अंगणात, तिसऱ्या खिडकीखाली गाडी उभी केली आणि रेस दिली. एकदा, दोनदा, तीनदा. सगळी इमारत जागी झाली असेल. त्याला पर्वा नव्हती. रडत होता तो.

जोआन दारात आली. ओरडणार होती, पण ओरडली नाही. "आहेत अजून," म्हणाली. "ये आत."

हॅरल्ड जागे होते. खिडकी उघडी होती, खाली गाडी चालूच होती. त्यांनी एक बोट वर केलं होतं, गप्प बस अशा अर्थाचं, आणि इंजिन ऐकत होते. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "चारही सिलिंडर मारतायत." आणि डोळे मिटले. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्यांना झोप लागली. सकाळी अकराच्या सुमारास त्या झोपेतच गेले.

पण ते नंतर. त्या वेळी जोआन कॉलिनला बाजूला घेऊन कुजबुजली, "मला एक कळत नाहीये. दीड वाजता मीच चादर बदलली, कोरडी होती. तुझ्या बाबांना दोघींनी धरल्याशिवाय कूससुद्धा बदलता येत नाही. आणि आता हे बघ."

तिनं पायाकडची चादर वर केली. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होता. पाय बर्फासारखे गार, आणि बोटांच्या बेचक्यांत ओढ्यातलं हिरवं शेवाळ.

 कॉलिननं तिच्याकडून टॉवेल मागून घेतला, पायाशी बसला, आणि बापाचे पाय पुसून कोरडे केले.